आधी नोटीस, मग अक्षता: परदेशी नागरिकाशी लग्न ठरलेल्या नाशिककर मुलीला उत्तर

प्रश्न असा आला आहे. मुलगी नाशिकची, इंदिरानगरला राहते, हिंदू, भारतीय पासपोर्ट. मुलगा अमेरिकेत जन्मलेला, अमेरिकन नागरिक, ख्रिश्चन. दोघं पुण्यात एकाच कंपनीत होते, तिथली ओळख. आता तो परत गेला आहे. डिसेंबरच्या मध्याला साखरपुडा, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गंगापूर रोडच्या एका कार्यालयात वैदिक पद्धतीने लग्न. हॉलचा ॲडव्हान्स दिलेला आहे. आईवडील म्हणतात, एकदा अक्षता पडू द्या, व्हिसाचं मागाहून बघू. मुलाचे मित्र म्हणतात, फियान्से व्हिसा करा, तो लवकर मिळतो. एजंट म्हणतो, टुरिस्ट व्हिसावर जा आणि तिकडेच लग्न करून टाका. ‘मॅडम, यातलं बरोबर काय?’

मी वीस वर्षांहून जास्त काळ नाशिकला वकिली करते. विशेष विवाह कायद्याची लग्नं आणि परदेशी जोडीदारांच्या फायली हेच माझं बरंचसं काम आहे. तुम्हाला मिळालेल्या तिन्ही सल्ल्यांत एक प्रश्न राहून गेला आहे, आणि सगळं त्यावरच अडलेलं असतं: कायद्याच्या दृष्टीने तुमचं लग्न कोणत्या तारखेला, कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या देशात लागणार? ते ठरलं की व्हिसा आपोआप ठरतो. ते न ठरवता मुहूर्त धरला, तर पुढचं वर्षभर कागद जुळवण्यात जातं.

तुमच्या बाबतीत मुलगा अमेरिकन नागरिक आहे हे स्पष्ट आहे, म्हणून एक मोठी पायरी ओलांडलेली आहे. बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगते, ‘मुलगा अमेरिकेत सेटल आहे’ या वाक्याला व्हिसाच्या कायद्यात काही अर्थ नाही. तो नागरिक आहे, ग्रीन कार्डधारक आहे की एच-१बी वर आहे, हे त्याच्या कागदावर पाहा. फियान्से व्हिसा फक्त नागरिकाच्या होणाऱ्या जोडीदाराला मिळतो. ग्रीन कार्डवाल्याला तो अर्जच करता येत नाही. त्याला लग्न झाल्यावर एफ२ए या वर्गात अर्ज करावा लागतो आणि तिथे रांग असते. एच-१बी वाल्याच्या बायकोला एच-४ मिळतो, पण तोही बायको झाल्यावरच. स्थळ आणणाऱ्या मावशींना हा फरक माहीत नसतो, त्यांचा दोष नाही. आपण विचारायला हवं.

आता ‘आधी अक्षता पडू द्या’ याबद्दल. हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू व्हायला वधू आणि वर दोघंही त्या कायद्याच्या अर्थाने हिंदू लागतात, त्यात बौद्ध, जैन, शीख येतात. तुमचा होणारा नवरा ख्रिश्चन आहे. गुरुजींनी कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी सगळं यथासांग केलं, पाचशे माणसं जेवून गेली, तरी त्या कायद्याखाली ते लग्न होत नाही. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात नमुना ‘ड’ भरून दाखला काढू, असं कोणी सुचवेल. ती नोंदणी झालेल्या वैध लग्नाची असते. मुळात जे लग्न कायद्याने झालंच नाही, ते दाखल्याने होत नाही. विधी म्हणून त्या सोहळ्याचं मोल कमी आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण वकिलातीच्या खिडकीसमोर त्या सोहळ्याच्या भरवशावर उभं राहू नका.

याच्या उलट बाजूला एक खड्डा आहे आणि त्यात पडलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. काही वर्षांपूर्वी एक मुलगी तिच्या आईबरोबर माझ्याकडे आली. त्यांनी फियान्से व्हिसाचा अर्ज स्वतःच भरला होता, तिकडून तो मंजूरही झाला होता, आणि मुलाखतीत अडकला होता. आईने पिशवीतून अल्बम काढून टेबलावर ठेवला. जाड पानांचा, वर दोघांची नावं सोनेरी अक्षरांत. तिसऱ्या पानावर मुलाच्या कपाळाला मुंडावळ्या, मध्ये मामांनी धरलेला अंतरपाट, पुढच्या फोटोत दोघांच्या केसांत अडकलेले तांदूळ आणि मुलीच्या गळ्यात मंगळसूत्र. याच फोटोंचे प्रिंट फायलीत लावून खाली ‘साखरपुडा’ असं लिहिलं होतं. आजीची तब्येत बरी नव्हती, तिच्या डोळ्यांदेखत व्हावं म्हणून घरच्यांनी साखरपुड्यातच विधी उरकून घेतले होते. मुलाखतीत अधिकाऱ्याने फोटोवर बोट ठेवून विचारलं, गळ्यात काय आहे? मुलगी खरं बोलली. ‘तुमचं लग्न झालेलं दिसतं, हा व्हिसा लग्न न झालेल्यांसाठी आहे’, असं सांगून अर्ज अमेरिकेला परत गेला.

मग बायको म्हणून अर्ज करावा, तर वैध लग्नाचा दाखला हवा, तो नव्हता. फियान्से व्हिसासाठी लग्न जास्त झालं होतं आणि पत्नीच्या व्हिसासाठी कमी पडत होतं. विशेष विवाह कायद्याच्या कलम १५ खाली आधी झालेल्या लग्नाची नोंदणी होते, पण त्यासाठी दोघांचंही जिल्ह्यात ३० दिवसांचं वास्तव्य लागतं आणि त्यावर ३० दिवसांची जाहीर नोटीस. शिवाय विधी झाल्यापासून दोघं पती-पत्नी म्हणून एकत्र राहत असावे लागतात, आणि मुलगा तर साखरपुड्यानंतर चौथ्या दिवशीच विमानात बसला होता. शेवटी त्याला लांबलचक रजा काढून पुन्हा यावं लागलं आणि सगळं पहिल्यापासून केलं. दीड वर्ष गेलं. त्या घरात कोणीही काही लपवलं नव्हतं. फक्त क्रम चुकला होता.

म्हणून फियान्से व्हिसाचा, म्हणजे के-१ चा, रस्ता घेणाऱ्यांना मी हात जोडून सांगते: साखरपुडा साखरपुड्यासारखाच करा. कुंकू लावा, ओटी भरा, अंगठ्या घाला, पेढे वाटा. मुंडावळ्या, अंतरपाट, मंगलाष्टका, मंगळसूत्र यातलं काहीही नको. हळदही नको. पत्रिका छापलीत तर तिच्यावर ‘साखरपुडा’ हाच शब्द हवा. फोटोग्राफरलाही आधी सांगून ठेवा, कारण तो हौसेने अल्बमच्या कव्हरवर ‘शुभविवाह’ छापून आणतो.

के-१ चालतो असा. अमेरिकन नागरिक तिकडे आय-१२९एफ हा अर्ज भरतो. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत तुम्ही दोघं प्रत्यक्ष भेटलेले असायला हवेत. व्हिडिओ कॉल भेट धरली जात नाही. अर्ज मंजूर झाला की त्या मंजुरीची मुदत चार महिने असते, मग फाइल वकिलातीकडे येते, वैद्यकीय तपासणी, पोलिस क्लिअरन्स आणि मुलाखत. व्हिसा मिळाल्यावर एकदाच प्रवेश करता येतो, आणि उतरल्यापासून ९० दिवसांत त्याच माणसाशी लग्न लागलं पाहिजे. दुसऱ्याशी लग्न करून किंवा दुसरा व्हिसा घेऊन तिथे राहता येत नाही. लग्नानंतर आय-४८५ भरून ग्रीन कार्ड मागायचं. ते किंवा तात्पुरती कामाची परवानगी हातात येईपर्यंत नोकरी करता येत नाही, आणि प्रवासाची वेगळी परवानगी न घेता भारतात आलात तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. नोकरी करणाऱ्या, घराशी घट्ट बांधलेल्या मुलींना हे महिने फार जड जातात. वडिलांना बरं नाही म्हणून कळलं आणि निघता आलं नाही, असे फोन मला आले आहेत.

पत्नीचा व्हिसा वेगळा. लग्न आधी, मग नवऱ्याने पत्नीसाठी आय-१३० हा अर्ज भरायचा, मंजुरीनंतर नॅशनल व्हिसा सेंटरकडे कागद आणि उत्पन्नाचं हमीपत्र, मग मुंबईत मुलाखत. प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर सीआर-१, झाली असतील तर आयआर-१. विमानातून उतरताच तुम्ही कायम रहिवासी असता, दुसऱ्या दिवशी नोकरीला लागता येतं. सीआर-१ वर मिळणारं ग्रीन कार्ड दोन वर्षांचं सशर्त असतं, ती मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ती अट काढण्याचा आय-७५१ हा अर्ज भरायचा. ही तारीख फ्रिजवर लिहून ठेवा.

खर्चाचंही गणित पाहा. एप्रिल २०२४ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार आय-१२९एफ ला ६७५ डॉलर, आणि लग्नानंतरच्या आय-४८५ ला आणखी १,४४० डॉलर. पत्नीच्या व्हिसात तो दुसरा टप्पाच नाही. आय-१३० ला कागदावर ६७५, ऑनलाइन ६२५. वकिलातीची आणि इतर फी दोन्हीकडे वेगळी लागते, तरी एकूण हिशोबात के-१ महाग पडतो. ‘लवकर मिळतो’ हे मित्रांचं म्हणणं एके काळी बरंच खरं होतं. आज दोन्ही अर्जांना लागणारा काळ सतत बदलतो, तेव्हा त्याने भरायच्या आठवड्यात अमेरिकन इमिग्रेशन खात्याच्या साइटवरचा आकडा पाहावा आणि त्यात आय-४८५ चा काळही धरावा.

तुमचं लग्न नाशिकलाच, घरच्यांसमोर व्हायचं आहे, हॉल ठरला आहे, तुमची नोकरी चालू आहे. माझं मत स्पष्ट आहे: तुमचा रस्ता पत्नीच्या व्हिसाचा. आणि तुमच्या तारखा त्याला इतक्या चांगल्या जुळतात की मला तुमचा प्रश्न वाचून आनंद झाला.

विशेष विवाह कायदा, १९५४ धर्म विचारत नाही, नागरिकत्वही विचारत नाही. मुलगा २१ चा, मुलगी १८ ची, दोघांपैकी कोणाचंही आधीचं लग्न कायद्याने टिकून नाही, संमती खरी आहे, निषिद्ध नात्यातले नाहीत, एवढं हवं. कलम ५ प्रमाणे लग्नाची नोटीस त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे द्यायची, जिथे दोघांपैकी किमान एकजण नोटिशीच्या आधी ३० दिवस राहत आहे. ‘किमान एकजण’ हे शब्द तुमच्यासाठी सोन्यासारखे आहेत. इंदिरानगरचं तुमचं वास्तव्य पुरतं. त्याने इथे आधी महिनाभर राहण्याची गरज नाही, नोटिशीवर सही करायला मात्र त्याने प्रत्यक्ष यावं. नोटीस फलकावर लागते, ३० दिवसांत कोणी कायदेशीर हरकत घेतली नाही की लग्न लावता येतं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते लागलं पाहिजे. तीन महिने उलटले की ती नोटीस संपली, पुन्हा नव्याने द्यायची.

आता तुमच्या तारखा यावर ठेवा. साखरपुड्याला तो येणारच आहे. त्याच आठवड्यात, समजा १५ डिसेंबरला, दोघं जाऊन नोटीस द्या. जानेवारीच्या मध्याला ३० दिवस पूर्ण. मार्चच्या मध्यापर्यंत मुदत. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा बरोबर मध्ये येतो. त्याला महिनाभर इथे थांबावं लागत नाही, तो परत जाऊन नोकरी करून फेब्रुवारीत येऊ शकतो. नोटिशीची पोच आणि तिच्यावरचा शिक्का व तारीख तिथल्या तिथे तपासून घ्या. पासपोर्टवरचं स्पेलिंग आणि नोटिशीवरचं स्पेलिंग एक अक्षरही वेगळं नको. परदेशी आडनावं देवनागरीत लिहिताना आणि पुन्हा इंग्रजीत आणताना हमखास बदलतात.

आणि हे मी अधोरेखित करून सांगते: नोंदणीचं लग्न आधी, कार्यालयातलं वैदिक लग्न नंतर. एक-दोन दिवस आधी असलं तरी चालेल. कारण विवाह अधिकाऱ्यासमोर तुम्ही दोघं जे प्रतिज्ञापन सही करता, त्याचं पहिलंच वाक्य ‘मी सध्या अविवाहित आहे’ अशा अर्थाचं असतं. आदल्या दिवशी सप्तपदी झाली असेल तर ती सही करताना तुमचाच हात अडखळेल. तीन साक्षीदार लागतात, त्यांची ओळखपत्रं बरोबर ठेवा. दोघांनी एकमेकांना, समजेल त्या भाषेत, पती किंवा पत्नी म्हणून कायदेशीररीत्या स्वीकारत असल्याचं म्हणायचं. मी पाहिलं आहे, दहा मिनिटांच्या त्या प्रसंगात कोपऱ्यात उभ्या आईच्या डोळ्यांत पाणी येतंच. पुढे कुठल्याही फॉर्मवर ‘लग्नाची तारीख’ विचारली की दाखल्यावरची तारीख लिहायची, कार्यालयातली नाही. नवरा एक तारीख आणि बायको दुसरी तारीख लिहिते, आणि सरळ फाइलवर प्रश्न उभा राहतो. दोघं बसून आजच हे ठरवून टाका.

याच कायद्याची आणखी एक बाजू शेतीवाडी असलेल्या घरांत मी मुद्दाम सांगते. निफाड-दिंडोरीकडे एकत्र कुटुंबाची द्राक्षबाग असते, तेव्हा मामा-काका विचारतात, मुलीचा हक्क जातो का? हिंदू व्यक्तीने या कायद्याखाली अहिंदूशी लग्न केलं की कलम १९ प्रमाणे ती अविभक्त कुटुंबातून विभक्त झाल्याचं धरलं जातं. हिस्सा जात नाही, विभक्त होतो. पुढे तिच्या स्वतःच्या मिळकतीला भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो. घरात आधी शांतपणे बोलून घ्या, मांडवात हा विषय नको.

त्याच्या इकडच्या व्हिसाचं आता. होणाऱ्या जोडीदारासाठी म्हणून भारताचा वेगळा व्हिसा नाही. बहुतेकजण ई-टुरिस्ट व्हिसावर येतात. ३० दिवसांचा ई-व्हिसा काढण्याची चूक त्याने करू नये, डिसेंबर आणि फेब्रुवारी या दोन फेऱ्यांना तो पुरणारच नाही. एक वर्षाचा काढावा. तो तुमच्या घरी उतरणार असेल तर परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन देण्याची जबाबदारी घरमालकाची, म्हणजे तुमच्या वडिलांची. लोक याला सी फॉर्म म्हणतात. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसंबंधीचा नवा कायदा लागू झाला आहे, त्यातही ही जबाबदारी आहे. पोचपावतीची प्रिंट जपून ठेवा, पुढे वास्तव्याचा पुरावा म्हणूनही उपयोगी पडते.

विवाह अधिकारी त्याच्याकडे अविवाहित असल्याचा कागद मागतील. अमेरिकन वकिलात ‘हा माणूस अविवाहित आहे’ असा दाखला देत नाही. तो माणूस स्वतः शपथेवर लिहून देतो आणि वकिलातीतला अधिकारी फक्त सही प्रमाणित करतो, एका शिक्क्याला ५० डॉलर. मुंबईला त्याची अपॉइंटमेंट साखरपुड्याच्या आधीच घेऊन ठेवा. आणि हे नीट समजून घ्या की त्या कागदामागे कोणी तपास केलेला नसतो. प्रेमावर माझा विश्वास आहे, तरीही मी प्रत्येक मुलीला सांगते: आधीचं लग्न झालं असेल तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मागा, ‘झालाय’ या शब्दावर थांबू नका. चांगला माणूस ती आठवड्यात पाठवतो आणि मनात काही धरत नाही.

एजंटच्या सल्ल्याबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. लग्न करून तिथेच राहण्याचा बेत मनात धरून टुरिस्ट व्हिसावर जाणं म्हणजे अधिकाऱ्याला खोटं सांगणं. टुरिस्ट व्हिसासाठीच्या डीएस-१६० या फॉर्ममध्येच विचारलेलं असतं की अमेरिकेत तुमचे जवळचे नातेवाईक आहेत का, आणि त्यात होणारा पती स्पष्ट लिहिलेला आहे. तिथे ‘नाही’ म्हणालात आणि पुढे बायको म्हणून अर्ज केलात, की दोन्ही कागद एकाच संगणकात शेजारी उघडतात. महत्त्वाची गोष्ट खोटी सांगितली असं ठरलं तर प्रवेशबंदी आयुष्यभराची असते, आणि माफीचा अर्ज लांब, महाग आणि बेभरवशाचा. एजंटचं काय जातं? त्याची फी आधीच घेतलेली असते. खरं सांगून, त्याच्या आईवडिलांना भेटून परत यायला जायचं असेल तर अर्ज जरूर करा, नोकरी आणि परतीचा बेत दाखवा. पण व्हिसा नाकारला जाण्याची शक्यता मोठी आहे हे धरून चाला.

स्क्रीनवर लग्न लावून देणाऱ्या सेवांबद्दलही विचारतात. अमेरिकन इमिग्रेशन कायद्यात, दोघं विधीच्या वेळी प्रत्यक्ष एकत्र नसतील तर नंतर एकत्र आल्याशिवाय ते लग्न धरत नाहीत. तुम्हाला त्याची गरजच नाही.

बाकी देशांचं थोडक्यात सांगते, कारण असे प्रश्न येत राहतात. ब्रिटनला फियान्से व्हिसा सहा महिन्यांचा असतो, त्यात नोकरी करता येत नाही, लग्न करून तिथेच पती-पत्नीच्या व्हिसाचा अर्ज करायचा. तिथे लग्न करून परत यायचं असेल तर मॅरेज व्हिजिटर हा निराळा. ११ एप्रिल २०२४ पासून तिकडच्या जोडीदाराचं वार्षिक उत्पन्न किमान २९,००० पौंड लागतं, आधी १८,६०० होतं. कितीतरी जोडप्यांचं लग्न या एका आकड्याने पुढे गेलं. भारतातून क्षयरोग तपासणीचा दाखलाही लागतो. कॅनडात फियान्से व्हिसाच नाही. पती-पत्नी, किंवा सलग १२ महिने एकत्र राहिलेले जोडीदार, असा मुख्यतः अर्ज होतो. ऑस्ट्रेलियाचा सबक्लास ३०० हा लग्न ठरलेल्यांचा व्हिसा आहे, त्याच्या मुदतीत लग्न करून पार्टनर व्हिसाकडे जायचं.

जर्मनीला थोडं थांबते, कारण तिथे आपले लोक कागदांवरच अडतात. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात (एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात एका शिक्क्यावर चालावा, असा करार) आहे, म्हणून सगळ्यांना वाटतं की अपोस्टिल केलं की झालं. जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतलेली असल्याने भारतीय अपोस्टिल तिथे चालत नाही. जर्मन कार्यालयाच्या सांगण्यावरून इथे कागदांची प्रत्यक्ष पडताळणी होते: जन्मदाखल्याचं मूळ रजिस्टर पाहिलं जातं, शेजारीपाजारी विचारलं जातं. याला महिने लागतात. त्यात जर्मन भाषेची ए१ परीक्षा. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात आधीच नाव घाला, लग्न ठरल्यावर घाई करू नका.

आणि दोघांनी नाशिकलाच राहायचं ठरवलं तर? होतं असंही, आणि मला त्याचा विशेष आनंद होतो. लग्नानंतर भारतीय नागरिकाचा जोडीदार म्हणून त्याला एंट्री व्हिसा मिळतो. टुरिस्ट व्हिसावर आलेला असेल तरी लग्नाच्या आधारे, पडताळणीनंतर, तो बदलून मिळू शकतो. अर्ज परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या ई-एफआरआरओ या साइटवर. नोंदवलेल्या लग्नाला सलग दोन वर्षं पूर्ण झाली की ओसीआय कार्डाचा, म्हणजे भारतात दीर्घकाळ राहण्याच्या परवान्याचा, अर्ज करता येतो. म्हणजे इथेही दाखल्याची तारीखच मोजतात. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नाही. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, द्राक्षबाग त्याच्या नावावर खरेदी करण्याचा बेत असेल तर सोडून द्या. घटस्फोट झाल्यास कार्ड रद्द होतं.

शेवटी नावाचं. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहितात. ते ताटात जरूर लिहा, पासपोर्टवर इतक्यात नको. तुमचा पासपोर्ट, जन्मदाखला, पदवी, नोटीस, विवाहाचा दाखला, सगळं माहेरच्या नावावर एकसारखं आहे. फाइल चालू असताना मध्येच पासपोर्टवर आडनाव, मधलं नाव बदललं की प्रत्येक टप्प्यावर ‘या दोघी एकच’ हे सिद्ध करत बसावं लागतं. विवाहाच्या दाखल्यावर जुनंच नाव असतं आणि तेच हवं असतं. नाव बदलायचंच असेल तर तिकडे पोहोचल्यावर.

जन्मदाखला मात्र आजच काढून पाहा. तुमच्या जन्माच्या काळच्या कितीतरी दाखल्यांवर बाळाचं नावच नाही, नुसतं ‘स्त्री’ आणि आईवडिलांची नावं. तसं असेल तर महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव चढवून घ्या, याला वेळ लागतो. दाखलाच नसेल तर अनुपलब्धतेचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांची प्रतिज्ञापत्रं. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून मिळतो, तो फार आधी काढून ठेवू नका, मुलाखतीपर्यंत त्याची मुदत टिकायला हवी.

नात्याचे पुरावे गोळा करायला तुम्ही पुण्यातल्या ओळखीपासून सुरुवात करा: एकत्र प्रवासाची तिकिटं, त्याच्या दोन्ही फेऱ्यांचे बोर्डिंग पास, वेगवेगळ्या ऋतूंतले आणि घरच्यांबरोबरचे पंधरा-वीस फोटो, मागे तारीख आणि माणसांची नावं लिहून. हजार फोटोंचा पेन ड्राइव्ह कोणी उघडत नाही. नवऱ्याच्या उत्पन्नाचं हमीपत्र, आय-८६४, हा गंभीर करार आहे. त्याचं उत्पन्न कुटुंबाच्या आकाराप्रमाणे तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के लागतं, आणि ती हमी घटस्फोटानेही संपत नाही. त्याने वाचून सही करावी.

मुलाखत मुंबईला बीकेसीत. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने निघून ती गाठायचा विचार करू नका, कसाऱ्याला गाडी थांबली की तुमचं काळीज थांबेल. आदल्या दिवशी जा, नातेवाइकांकडे झोपा. नोंदणीचा मूळ दाखला पिशवीत सगळ्यात वर ठेवा, आणि लग्न कधी झालं असं विचारलं की त्याच्यावरची तारीख सांगा. मग हवं तर सांगा की दोन दिवसांनी गंगापूर रोडला अक्षताही पडल्या.